गप्प बसणाऱ्यांची भांडणं

जॉन बनियन हा इंग्रज लेखक मराठीचा तसा जुना पाहुणा. त्याचं ते यात्रेकरूचं प्रसिद्ध पुस्तक हरी केशवजींनी १८४१ मध्येच 'यात्रिकक्रमण' नावानं मराठीत आणलं, आपल्याकडे कादंबरी नावाचा प्रकार अजून जन्मायचा होता तेव्हा. पण या बनियननं छापलेलं सगळ्यात पहिलं पुस्तक कुठलं, तर ते यात्रा वगैरे काही नाही, चक्क भांडण आहे. साल १६५६. बेडफर्ड भागात भांडी सांधत फिरणारा हा अठ्ठावीस वर्षांचा माणूस, नुकताच उपदेश करायला लागलेला, आणि त्याच्या इलाख्यात क्वेकर नावाच्या नव्या ख्रिस्ती पंथाची मंडळी आली. ही माणसं म्हणायची की ख्रिस्त तुमच्या आत आहे, तिथे बघा. बनियन भडकला. त्याचं म्हणणं, आत आहे म्हणता ते ठीक, पण जो मरियेच्या पोटी जन्मला, यरुशलेमच्या वेशीबाहेर खरोखर रक्त सांडून मेला, त्याचं काय? तो तुम्ही गुंडाळून ठेवलात की काय?

उत्तर दिलं एडवर्ड बरो नावाच्या क्वेकरानं, तोही विशीतलाच, वेस्टमोरलंडच्या शेतकरी घरातला. उत्तर म्हणजे काय, तुटून पडलाय. आम्ही काहीही गुंडाळलेलं नाही, खोटं बोलतोस, वर तू पैशासाठी उपदेश करणाऱ्या पोटभरूंच्या रांगेतला. हे शेवटचं बनियनला फार लागलं, कारण तो हातानं काम करून खाणारा माणूस. १६५७ मध्ये त्यानं दुसरं पुस्तक काढलं, बरोनं त्यालाही उत्तर छापलं. गंमत अशी की विद्यापीठात शिकलेल्या पाद्र्यांच्या लेखी दोघेही सारखेच अडाणी, आणि हे दोघे एकमेकांना खोटा संदेष्टा ठरवण्यात गुंतलेले. पुढे राजेशाही परत आल्यावर दोघेही आत गेले. बरो १६६३ मध्ये न्यूगेटच्या तुरुंगात तापानं गेला, तिशीसुद्धा गाठली नव्हती. बनियन बारा वर्षं बेडफर्डच्या तुरुंगात काढून १६७२ मध्ये सुटला, आणि तो ज्या शाही माफीच्या यादीतून सुटला ना, ती यादी जॉर्ज व्हाइटहेड नावाच्या क्वेकरानं राजाच्या मागे लागून मिळवलेली होती. क्वेकर कैद्यांसाठीच खटपट चालली होती, इतर पंथांच्या लोकांनी विचारलं आमचीही नावं घालता का, तर ते म्हणाले घाला. त्यात बनियन.

हे वाचल्यावर मी त्या जुन्या पुस्तिकांच्या नादी लागले. स्कॅन केलेली पानं, शाई पलीकडून उमटलेली, 'एस'च्या जागी 'एफ'सारखं दिसणारं अक्षर, आणि मुखपृष्ठावरच अर्धं पान भरेल एवढं लांबलचक नाव ज्यात समोरच्याला शिव्यासुद्धा घालून झालेल्या असतात. धार्मिक म्हणाल तर मी बेताचीच आहे. माझ्या आजीला जर कुणी विचारलं असतं की तुमची श्रद्धा सिद्ध करून दाखवा, तर तिनं त्याला आधी पाट दिला असता आणि मग चहा. तिला ते प्रकरण वादाचं वाटलंच नसतं. म्हणून मला या क्वेकरांचं जास्तच नवल वाटत राहिलं, कारण यांची उपासना म्हणजे काय, तर एका खोलीत सगळ्यांनी गप्प बसायचं. पुरोहित नाही, बाप्तिस्मा नाही, भाकर-द्राक्षरस नाही, गाणी नाहीत. आतून काही उमटलं तर कुणीही उठून बोलायचं, नाहीतर तासन् तास शांतता. आणि असल्या लोकांनी सतराव्या शतकाच्या इंग्लंडमध्ये आपल्याविरुद्ध कुणी चार पानं छापली की लगेच आठ पानांचं उत्तर छापलंय! लंडनला सेंट पॉल्सजवळ जाइल्स कॅल्व्हर्टचं दुकान होतं, तिथून त्यांच्या पुस्तिका निघत राहायच्या.

नुसती हौस नव्हती ती, हेही खरं. १६५० मध्ये इंग्लंडमध्ये ईश्वरनिंदेचा नवा कायदा झाला आणि त्याच वर्षी क्वेकरांचा संस्थापक जॉर्ज फॉक्स डर्बीला त्याखाली आत गेला. विणकराचा पोरगा, चांभाराकडे उमेदवारी केलेला, धर्मगुरूंकडे प्रश्न घेऊन हिंडून निराश झालेला हा माणूस न्यायाधीशाला म्हणाला, देवाच्या शब्दापुढे थरथर कापा, त्यावरून न्यायाधीशानं चेष्टेत 'कापरे' म्हणजे क्वेकर म्हटलं आणि तेच नाव चिकटलं, असं फॉक्स स्वतः सांगतो. ते स्वतःला फ्रेंड्स म्हणायचे. तर आरोप काय काय होते? बायबल मानत नाहीत. ख्रिस्त मानत नाहीत. जादूटोणा करतात, म्हणून सभेत माणसं थरथरतात. आणि सगळ्यात भारी म्हणजे विल्यम प्रिननं १६५५ मध्ये छापलेला, की हे मुळात पोपचे छुपे हस्तक आहेत, इंग्लंड आतून पोखरायला पाठवलेले. ज्यांनी पोपचंच काय, साध्या गावच्या पाद्र्याचंही काही ठेवलं नाही त्यांच्यावर हा आरोप! पण लोकांना पटायचा. आणि पटला की दगड पडायचे, चाबूक पडायचे. उत्तर देणं भाग होतं.

इथे मराठी माणसाला तुकोबा आठवणार. फॉक्स घर सोडून निघाला १६४३ मध्ये, तेव्हा देहूला तुकोबा होते, पाठांतरवाल्यांना न कळलेला वेदांचा अर्थ आम्हालाच ठाऊक म्हणत होते. पण मी ती तुलना फार ओढणार नाही. आपल्याकडे छापखाना नव्हता. तिकडे मोचीकाम शिकलेल्या माणसाचं वाक्य महिन्याभरात देशभर वाचलं जात होतं आणि त्यावर महिन्याभरात खंडन येत होतं, त्या वेगानं त्या श्रद्धेचं काय केलं हीच मला वाचता वाचता खरी गोष्ट वाटायला लागली.

फॉक्सचं १६५९ चं जाडजूड पुस्तक घ्या, 'द ग्रेट मिस्टरी' म्हणतात थोडक्यात. शंभराहून जास्त क्वेकरविरोधी पुस्तकांना एकाच खंडात उत्तर. पद्धत एकदम साधी, विरोधकाचं एक वाक्य घ्यायचं, 'तत्त्व' म्हणून मांडायचं, खाली 'उत्तर'. पुढचं वाक्य, उत्तर. शेकडो पानं हेच. वाचायला कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोला, आणि वाक्यं मोडतोड करून घेतल्याची तक्रार तेव्हाही झाली. पण होतं असं की वाचता वाचता आपण फॉक्सपेक्षा त्या समोरच्यांचं ऐकायला लागतो. कुठल्या कुठल्या गावचे पाद्री, आज ज्यांना कुणी विचारत नाही, त्यांचे प्रश्न काही अगदीच टाकाऊ नसतात. प्रत्येकाच्या आत प्रकाश आहे म्हणता, मग दोघांचे प्रकाश दोन गोष्टी सांगायला लागले तर निवाडा कुणी करायचा? फॉक्स या प्रश्नाला उत्तर देत नाही. तो चिडतो. सापाच्या पिल्लांनो वगैरे.

या पुस्तकावर सगळ्यात हट्टी वाचक भेटला तो अमेरिकेत. रॉजर विल्यम्स, ऱ्होड आयलंडचा संस्थापक, ज्यानं धर्माच्या बाबतीत सरकारनं हात घालायचाच नाही या तत्त्वावर वसाहत काढली. बोस्टनवाल्यांनी १६५९ ते १६६१ च्या दरम्यान चार क्वेकरांना फाशी दिलं, त्यात मेरी डायर ही बाई, आणि शेजारी विल्यम्सच्या वसाहतीत मात्र क्वेकर सुखानं राहत होते, अधिकारपदांवरसुद्धा होते. पण त्याला त्यांची शिकवण अजिबात मान्य नव्हती. १६७२ मध्ये फॉक्स तिकडे आलेला असताना विल्यम्सनं चौदा मुद्द्यांवर जाहीर वादाचं आव्हान दिलं आणि सत्तरीला टेकलेला तो म्हातारा प्रॉव्हिडन्सहून न्यूपोर्टपर्यंत दिवसभर स्वतः होडी वल्हवत आला, पोचेपर्यंत मध्यरात्र होत आलेली. तोवर फॉक्स निघून गेला होता. बाकीच्या तिघांशी न्यूपोर्टला तीन दिवस आणि प्रॉव्हिडन्सला एक दिवस वाद झाला, कुणीही कुणाचं ऐकलं नाही. मग त्यानं पुस्तक काढलं, नाव 'जॉर्ज फॉक्स डिग्ड आउट ऑफ हिज बरोज', म्हणजे कोल्ह्याला बिळातून उकरून काढला, इंग्रजीत फॉक्स म्हणजे कोल्हा आणि 'बरो' म्हणजे बीळ, तेव्हा बिळात बरोसुद्धा आलाच, कारण 'ग्रेट मिस्टरी'ची प्रस्तावना बरोची. फॉक्सनं आणि जॉन बर्निएटनं उत्तर छापलं १६७८ मध्ये. आलंच ते ओघानं. पण मला यात विल्यम्स जास्त आवडतो. ज्यांना तुरुंगात घालायला तो स्वतः कधीच तयार झाला नसता त्यांच्याशी वाद घालायला रात्री-अपरात्री होडी हाकत येणारा माणूस.

आता नेलर. जेम्स नेलर हा यॉर्कशायरचा शेतकरी, आधी सैन्यात क्वार्टरमास्टर, आणि लिहिणारा म्हणून त्या पहिल्या फळीत मला तोच सगळ्यात वाचनीय वाटतो. एका अधिकाऱ्यानं म्हणे सांगितलेलं की डनबारच्या लढाईत वाटली नाही एवढी भीती मला नेलरचं प्रवचन ऐकताना वाटली. रिचर्ड बॅक्स्टर, त्या काळातला फार मोठा प्युरिटन उपदेशक, त्यानं १६५५ मध्ये क्वेकरांवर प्रश्नांची सरबत्ती करणारं पुस्तक काढलं, नेलरनं त्याच वर्षी एकेक प्रश्न घेऊन उत्तर दिलं. बॅक्स्टर गोड बोलून टोमणे मारतो आणि नेलर त्याला विचारतो, तुम्ही पगार घेऊन हे सांगता ना, मग येशूच्या शिष्यांसारखं काय उरलं तुमच्यात. जमलंय ते.

पण १६५६ च्या ऑक्टोबरात हाच नेलर पावसात घोड्यावर बसून ब्रिस्टल शहरात शिरला, आजूबाजूला स्त्री-पुरुष 'पवित्र, पवित्र' गात चाललेले, म्हणजे यरुशलेममधला ख्रिस्ताचा प्रवेश जसाच्या तसा. त्याचं म्हणणं होतं की ही खूण आहे, ख्रिस्त माझ्यात आहे तसा सगळ्यांत आहे. टीकाकारांना आणखी काय हवं होतं! खुद्द पार्लमेंट हा विषय घेऊन दिवसचे दिवस बसलं. देहांत शिक्षा ९६ विरुद्ध ८२ मतांनी हुकली. मग ठरलं ते असं, लाकडी चौकटीत उभा करायचा, लंडनच्या रस्त्यातून ३१० फटके, तापलेल्या सळईनं जीभ भोसकायची, कपाळावर ईश्वरनिंदकाचं 'बी' डागायचं, पुन्हा ब्रिस्टलला नेऊन उलटा घोड्यावर बसवून फिरवायचा, आणि मग कोठडी. फॉक्सशी त्याचं आधीच बिनसलेलं. बाहेर आल्यावर समेट झाला कसाबसा. १६६० मध्ये घरी जाताना वाटेत लुटला गेला आणि त्यातच मेला, मरणाच्या थोडं आधी बोललेलं त्याचं एक निवेदन आहे, की मला आत असा एक आत्मा जाणवतो ज्याला वाईट करण्यात किंवा सूड घेण्यात आनंद नाही, सगळं सोसण्यात आहे. सहा वर्षांच्या त्या सगळ्या छापील मारामारीत या एका परिच्छेदाच्या तोडीचं काही मला सापडलेलं नाही.

नेलरनंतर सगळी उत्तरं बदलतात. पाद्र्यांचा तो जुना प्रश्न, की दोन प्रकाश भांडले तर निवाडा कुणाचा, तो आता कागदावरचा राहिला नव्हता.

पुढचा धक्का १६६१ चा. चार्ल्स दुसरा गादीवर परतून वर्षही झालं नव्हतं, जानेवारीत टॉमस व्हेनर नावाच्या माणसानं येशूचं राज्य आणायचं म्हणून मूठभर माणसांसह लंडनमध्ये सशस्त्र उठाव केला. क्वेकरांचा संबंध नव्हता, पण सरकारला वेगळ्या पंथाचे सगळे सारखेच. चार हजारांवर क्वेकर पकडले गेले. तेव्हा फॉक्स आणि इतरांनी घाईघाईनं राजाला एक निवेदन लिहिलं, पहिली प्रत तर म्हणे छापखान्यातच जप्त झाली, परत लिहिलं, बारा जणांच्या सह्या. त्यात ते म्हणतात की सगळी बाह्य युद्धं, भांडणं, शस्त्रं आम्ही पूर्णपणे नाकारतो, कुठल्याही कारणासाठी, आणि हे आमचं पहिल्यापासूनचं तत्त्व आहे.

पहिल्यापासूनचं? आता हे काही तितकंसं खरं नाही. फॉक्स स्वतः सैन्यात गेला नव्हता, ते ठीक. पण १६५० च्या दशकात सैन्यात क्वेकर झालेले शिपाई होते, त्यातल्या कितीतरी जणांना बाहेर काढलं ते शस्त्र टाकलं म्हणून नव्हे, वरिष्ठांपुढे हॅट काढत नाहीत म्हणून. १६५९ च्या धामधुमीत काही जण नागरी सेनेच्या कामाकडेही ओढले गेले होते. म्हणजे मान सोडवायला लिहिलेल्या कागदात त्यांनी आपल्या भूतकाळाला जरा इस्त्री केली. पण मग काय झालं, तर ते वाक्य त्यांनी पाळलं. राजाला लिहून दिलंय ना, आता मागे फिरता येईना, आणि हळूहळू फिरावंसंही वाटेना. आज क्वेकर म्हटलं की लोकांना आधी अहिंसा आठवते. १९४७ चं शांततेचं नोबेल ब्रिटन आणि अमेरिकेतल्या त्यांच्या दोन संस्थांना मिळालं, आणि त्याच दशकात मार्जरी साइक्स ही क्वेकर बाई आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला येऊन नई तालीमचं काम करत होती. मला तो १६६१ चा कागद म्हणूनच आवडतो. घाबरून लिहिलाय, थोडा अतिशयोक्त आहे, आणि पुढच्या पिढ्यांनी तो खरा करून दाखवलाय.

मार्गारेट फेलचं प्रकरण वेगळं. स्वार्थमूर हॉलची मालकीण, न्यायाधीशाची बायको. १६५२ मध्ये फॉक्स तिच्या गावच्या चर्चमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, ख्रिस्त असं म्हणतो, प्रेषित तसं म्हणतात, हे तुम्ही सांगाल, पण तू स्वतः काय म्हणू शकतोस? ती सांगते की मी बाकावर बसून रडले, आपण सगळे चोर आहोत, शास्त्रातले शब्द घेतलेत आणि आत काहीच ठाऊक नाही. पुढे ती विधवा झाली, आणि १६६४ मध्ये राजनिष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला म्हणून लँकेस्टरच्या किल्ल्यात. मालमत्ता जप्त, मुदत नसलेली कैद. न्यायाधीश म्हणाला आता तू राजाच्या संरक्षणाबाहेर, ही म्हणाली देवाच्या संरक्षणाबाहेर नाही ना. त्या पाऊस-वारा आत येणाऱ्या कोठडीतून तिनं १६६६ मध्ये एक छोटी पुस्तिका काढली, बायकांनी सभेत बोलण्याच्या समर्थनाची.

टीकाकारांकडे हुकमी पान होतं, बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रातलं, बायकांनी मंडळीत गप्प राहावं. फेल ते टाळत नाही, हातात घेते. म्हणते, हे कुणाला लिहिलंय बघा, करिंथमधल्या गोंधळ घालणाऱ्यांना. त्याच पत्रात थोडं आधी बायकांनी प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं कसं झाकावं ते लिहिलंय, मग बोलायचंच नव्हतं तर डोक्याच्या सूचना कशाला? आणि येशू उठला ही बातमी पहिल्यांदा कुणी सांगितली, मरिया मग्दालियेनं, पुरुष शिष्य तेव्हा कुठे होते? पण माझी आवडती जागा पुढे आहे. येशूची आई मरिया हिचं स्तोत्र, तिची नातलग अलीशिबा हिचे शब्द, बायबलमधले हे बायकांचेच शब्द ना, त्यावर तुम्ही पाद्री लोक प्रवचनं झोडता, बायकांच्या शब्दांचा धंदा करून पैसे कमावता, आणि वर ओरडता बायकांनी गप्प बसा! हे वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. आणि ती यात कुठेही तरफदारी करा म्हणून हात जोडत नाही, ती हिशोब मागते. एवढं असून तिच्या मागे लागलेले सगळेच काही बाहेरचे नव्हते, आतल्या काही पुरुषांनाही बायकांच्या वेगळ्या सभा खुपत होत्या. त्यांनाही ही पुस्तिका वाचावी लागलीच असणार.

हॅट आणि 'तू' यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण निम्मी भांडणं त्यावरून. क्वेकर कुणापुढेही हॅट काढत नसत आणि सगळ्यांना एकेरीत बोलत, न्यायाधीशाला, सरदाराला, बापाला. आजच्या इंग्रज वाचकाला यात काय झोंबलं हे समजावून सांगावं लागतं, आपल्याला नाही. सासऱ्यांना 'तू कधी आलास' म्हणून बघा. त्यांचा युक्तिवाद असा, की प्रार्थनेत देवाला एकेरी बोलता आणि मग जमीनदार देवापेक्षा मोठा का? १६६० मध्ये तर फॉक्स, जॉन स्टब्स आणि बेंजामिन फर्ली यांनी तीसेक भाषांचे दाखले देऊन एकवचन ते एकवचन असं सिद्ध करणारं पुस्तकच काढलं. मुद्दा खरं तर त्यात हरवून जातो. मुद्दा कळतो टॉमस एलवुडच्या आठवणींत. हा तरुण क्वेकर झाला, घरी बापासमोर हॅट घालून उभा राहिला, बाप हॅट हिसकावून घेऊन मारायचा, एकेक करून सगळ्या हॅटी काढून घेतल्या, हिवाळ्यात उघड्या डोक्यानं घरात कोंडून पडायची वेळ आली. मला पुन्हा 'तू' म्हणालास तर दात घशात घालीन, असं बाप म्हणाला. हाच एलवुड पुढे आंधळ्या कवी मिल्टनला पुस्तकं वाचून दाखवायचा.

शपथेचंही तसंच. येशूनं शपथ वाहू नका म्हटलंय म्हणून ते कोर्टात शपथ घेत नसत, आणि शपथ नाही म्हणजे साक्ष नाही, वारसा नाही, आणि राजद्रोहाचा संशय फुकट. तीस-चाळीस वर्षं यावर लिहून लिहून शेवटी १६९६ मध्ये शपथेऐवजी नुसतं प्रतिज्ञेवर बोलायची कायदेशीर सवलत मिळाली. झालं समाधान? छे. प्रतिज्ञेच्या मजकुरात सर्वशक्तिमान देवाच्या समक्ष असे शब्द होते, म्हणून ही शपथच आहे म्हणत निम्मे जण घेईनात, आणि १७२२ मध्ये ते शब्द निघेपर्यंत ते आपसांत भांडत राहिले. आपल्या विधानभवनात कुणी आमदार 'ईश्वरसाक्ष'ऐवजी 'गांभीर्यपूर्वक दृढकथन' करतो तेव्हा मला ही मंडळी आठवतात, इंग्लंडच्या कायद्यात ती वाट पहिल्यांदा यांनीच पाडली.

आणि मग येतो रॉबर्ट बार्कले, आणि सूर एकदम बदलतो. स्कॉटिश, चांगल्या घराण्यातला, पॅरिसच्या कॅथलिक कॉलेजात शिकलेला. सत्तावीस-अठ्ठावीसचा असताना त्यानं पंधरा सिद्धांत मांडून त्यांचं समर्थन लिहिलं, लॅटिनमध्ये, युरोपातल्या विद्वानांना वाचता यावं म्हणून. ॲमस्टरडॅम, १६७६. दोन वर्षांनी इंग्रजीत. 'अपॉलॉजी' म्हणून ते प्रसिद्ध आहे. यात शिव्या जवळजवळ नाहीत. धर्मग्रंथ हा झऱ्याचं वर्णन आहे, झरा नव्हे, असं तो शांतपणे मांडतो आणि आक्षेप एकेक करून निकाली काढतो, ज्या विद्यापीठी पद्धतीला फॉक्स आयुष्यभर नावं ठेवत आला त्याच पद्धतीनं. फ्रेंच विचारवंत व्हॉल्तेअरनं त्याचं कौतुक केलं ते उगाच नाही. विशेषतः राजाला लिहिलेली अर्पणपत्रिका: तू सुख पाहिलंस आणि हालही, देशाबाहेर हाकललं जाणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे, छळणारा माणूस देवाला आणि माणसाला किती नकोसा असतो हे तुला कळायला हवं. राजाला हे एकेरीतच, अर्थात.

पण बाकी पुस्तक? मी ते आदरानं वाचलं आणि अनेकदा मिटून ठेवलं. फक्त एके ठिकाणी थांबले. मौन सभांबद्दल लिहिताना हा पंडित एकदम म्हणतो की मला युक्तिवादानं कुणी पटवलं नाही, मी त्या गप्प बसलेल्या लोकांत गेलो, तिथे एक गुप्त शक्ती जाणवली, तिला वाट देत गेलो तसं माझ्यातलं वाईट दुबळं होत गेलं आणि चांगलं वर आलं. म्हणजे पाचशे पानांचा युक्तिवाद करणारा सांगतोय की माझ्यावर युक्तिवादाचा काही परिणाम झाला नव्हता.

तोवर लंडनमध्ये व्यवस्था लागली होती. १६७३ पासून क्वेकरांची एक बैठक दर सोमवारी सकाळी भरायची, आपल्या लोकांनी लिहिलेलं छापण्याआधी तपासायला. नेलरचा धडा तो. चुकीचं, भडक, टीकाकारांच्या हाती कोलीत देणारं काही बाहेर पडू नये. आणि या बैठकीनं खुद्द फॉक्सचे कागद अडवले! त्याचं चिडलेलं पत्र आहे, मी ही बैठक माझे कागद वाचायला मनाई करण्यासाठी स्थापन केली नव्हती. मला त्याची दया येते आणि हसूही येतं. तो मेल्यावर १६९४ मध्ये त्याची रोजनिशी छापली गेली तेव्हाही एलवुडनं संपादन करताना चमत्कार बिमत्कार बरेच खाली बसवले, कारण तोवर टीकाकारांना काय मिळता कामा नये याचा सगळ्यांना चांगला अंदाज आला होता. गोळीबंद झालं सगळं. मला मात्र बरो आणि बनियन एकमेकांच्या उरावर बसलेले असतात ती पानं वाचताना जेवढं जिवंत वाटतं तेवढं यात वाटत नाही, त्यांच्या शिव्या मला आवडतात असं नाही, पण तिथे अजून काहीच ठरलेलं नसतं.

जॉर्ज कीथचं सांगते आणि थांबते. ॲबर्डीनचा, बार्कलेचा मित्र, १६७५ मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांशी जाहीर वाद झाला तेव्हा बार्कलेच्या बाजूला हाच उभा होता. क्वेकरांकडचा बहुतेक सगळ्यात तरबेज वाद घालणारा. पुढे पेनसिल्व्हेनियात गेला, तिथल्या फ्रेंड्सना म्हणायला लागला की तुम्ही आतल्या ख्रिस्ताच्या नादात यरुशलेमात मेलेल्या ख्रिस्ताला विसरलात, म्हणजे पस्तीसेक वर्षांपूर्वी बेडफर्डचा तो भांडी सांधणारा म्हणत होता तेच. १६९२ मध्ये फूट पडली. १७०० मध्ये तो चर्च ऑफ इंग्लंडचा पाद्री झाला आणि १७०२ मध्ये त्यानं बार्कलेच्या 'अपॉलॉजी'चं खंडन करणारं पुस्तक छापलं, बार्कले तोवर जाऊन बारा वर्षं झाली होती. त्याआधी १६९६ मध्ये लंडनच्या टर्नर्स हॉलमध्ये त्यानं जाहीर सभा ठेवली, पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेन या क्वेकराला आणि एलवुडला नाव घेऊन बोलावलं, या आणि उत्तरं द्या. दोघेही गेले नाहीत. एलवुडचं उत्तर मात्र त्याच वर्षी छापून बाहेर आलं.